उद्देशाचा रकाना

सरकारी गाडीला लॉगबुक असतं, त्यात नवल नाही. घरच्या गाडीला लॉगबुक ठेवणारा माणूस मात्र आर. के. पुरमच्या त्या अख्ख्या सेक्टरात एकच होता. जयंतराव देवस्थळी. साताऱ्याहून दिल्लीला आले तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेली. एका मंत्रालयात स्टाफ कार सांभाळणाऱ्या शाखेत लागले आणि चौतीस वर्षं तिथेच राहिले. कुठली गाडी कुठे गेली, मीटर किती होता, किती झाला, कशासाठी गेली आणि सही कुणाची, एवढंच पाहायचं काम. पण ते त्यांनी इतकं मन लावून केलं की पुढे पुढे त्यांना माणसंसुद्धा रकान्यांत दिसायला लागली. वाईट माणूस नव्हे. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला आवाज चढवून बोलले नाहीत. फक्त माणूस बोलत असताना त्यांचं लक्ष कागद कुठे आहे याकडे असायचं.

२०१० च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःची छोटी पेट्रोल गाडी घेतली. गाडी दारात यायच्या आधी हिरव्या पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर घरात आलं. तारीख, निघतानाचा मीटर, परततानाचा मीटर, ठिकाण, प्रवासाचा उद्देश, चालकाचा शेरा आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. चालक तेच, तपासणारेही तेच. दर रविवारी सकाळी दुसरा चहा आला की एका हातात पेपर धरून ते आठवड्याच्या ओळींपुढे 'पाहिले, ज.दे.' असं ओढून टाकायचे. मुलगी इशिता म्हणायची, "बाबा, तुम्ही स्वतःलाच रिपोर्ट करता? सीरियसली?" त्यावर जयंतराव म्हणायचे, "शिस्त कुणासाठी नसते बेटा. शिस्त असते." या वाक्याचा अर्थ आजतागायत कुणाला लागलेला नाही.

२०१६ साली इशिता नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि क्वार्टर एकदम मोठं वाटायला लागलं. जयंतरावांची बायको वृंदाताई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या. त्या शिकवायच्या ती बालवाडीही दोन वर्षांपूर्वी बंद पडलेली. एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, "मी गाडी शिकणार आहे." जयंतराव वरणभात कालवत म्हणाले, "अच्छा." त्यांना वाटलं, हौस आहे, चार दिवसांत फिटेल. ती फिटली नाही. महिनाभर वृंदाताई शिकवणीच्या गाडीतून गायी आणि ई-रिक्षा चुकवत सेक्टरभर फिरल्या, परवाना घेऊन आल्या आणि हात पुढे केला. जयंतरावांनी चावी दिली, आणि चावीबरोबर रजिस्टरही. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. वृंदाताईंनी ते हसत हसत घेतलं. तिथून पुढे सवा वर्ष चालक त्या आणि तपासणारे हे. रविवारचा पेपर, दुसरा चहा आणि 'पाहिले, ज.दे.' यात मात्र काही फरक पडला नाही.

मग २०१८ च्या जानेवारीतली ती संध्याकाळ आली. मयूर विहारला वृंदाताईंच्या मैत्रिणीकडे, चंद्रप्रभाताईंकडे हळदीकुंकू होतं. वृंदाताईंना एकटीने यमुनेपलीकडे गाडी नेण्याची ही पहिलीच वेळ. चार दिवस त्या मनातल्या मनात रस्ता घोकत होत्या. त्या संध्याकाळी धुकं लवकर उतरलं. दिवे चालू, वायपर चालू, गरम हवेचा पंखा चालू, आणि भीती वाटू नये म्हणून रेडिओही चालू. बारापुल्ला उड्डाणपुलाच्या ऐन मधोमध आधी रेडिओ मुका झाला, मग दिवे विडीच्या टोकाएवढे झाले, आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. काच खाली करून लोक काय काय बोलून गेले ते वृंदाताईंनी कधी कुणाला सांगितलं नाही.

जयंतराव रिक्षाने पोचले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. वाहतूक पोलिसाने आणि दोघा मोटरसायकलवाल्यांनी गाडी ढकलून कडेला लावली होती. कठड्याला लागून काठापदराची साडी नेसलेल्या वृंदाताई तिळगुळाचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. जयंतरावांनी चावी फिरवून पाहिली. नुसतं टक झालं. ते पोलिसाकडे वळून म्हणाले, "मैडम को रेडियो का शौक है जी. पूरी बैटरी पी गईं."

पोलीस हसला. मोटरसायकलवालेही हसले.

"अहो, तसं नाहीये," वृंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "मी तुम्हाला..."

"घरी बोलू," जयंतराव म्हणाले. घरी काही बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत नवी बॅटरी बसली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण तोवर जयंतरावांना खरा चोर ठाऊक नव्हता, म्हणून इथपर्यंतचं एक वेळ माफ करता येईल. पुढचं करता येत नाही. दहा दिवसांनी ते एकटे ऑफिसला निघाले असताना तीच गाडी, नव्या बॅटरीसकट, धौला कुआँजवळ बंद पडली. रस्त्याकडेच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं, दोन वायरी लावून पाहिल्या आणि मान हलवली. "बाबूजी, बैटरी बेचारी क्या करे. डायनमो मरा पड़ा है. महीने भर से बीमार होगा. सामने लाल बत्ती नहीं जलती थी?"

"नहीं," जयंतराव म्हणाले. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं.

तिथल्या तिथे दुरुस्त केलेला जुना अल्टरनेटर बसवून घेतला. लोक डायनमो म्हणतात तो हाच. बसवताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता: पुलावरही हेच झालं, रेडिओचा काही संबंध नाही, वृंदाचा तर नाहीच. संध्याकाळी घरी पोचल्यावर वृंदाताईंनी उशीर का झाला विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जाम होता." रजिस्टरात त्या दिवसाच्या ओळीत त्यांनी लिहिलं: उद्देश, कार्यालय. शेरा, काही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत आणि घरात मिळून त्यांनी केलेली ही एकमेव खोटी नोंद.

का केली? कारण तोवर रेडिओची गोष्ट फार छान जमली होती. ऑफिसात सांगून झाली होती, मराठी मंडळात सांगून झाली होती, फोनवरून साताऱ्यालाही पोचली होती. जयंतराव काही गप्पिष्ट नव्हेत. चार माणसांना हसवता येईल अशी गोष्ट जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हाती लागली होती. त्या शनिवारी पाहुणे आले, आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, तो पुलावरचा किस्सा सांगा की." जयंतरावांनी सुरुवात केली. अर्ध्यावर जीभ जराशी अडखळली. पण समोरचे चेहरे हसायच्या तयारीत होते. त्यांनी गोष्ट पुरी केली. वृंदाताईंनी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि आत निघून गेल्या. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातली गत. त्या रात्री जयंतरावांनी ठरवलं, उद्या सांगून टाकायचं. तो उद्या सात वर्षं पुढे सरकत राहिला.

वृंदाताईंनी गाडीला पुन्हा हात लावला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मला नाही जमत." दाराशेजारच्या खुंटीवर चावी असायची, तिच्या शेजारीच पिशवी. त्या पिशवी घ्यायच्या आणि मेट्रोने जायच्या.

२०२० साली जयंतराव निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गाडीही आली, रजिस्टरही आलं. आता त्यात आठवड्याला एखादी ओळ पडायची: पेट्रोल, दवाखाना, पेन्शनचं काम. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीचं आयुष्य पंधरा वर्षांचं. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या मार्च अखेरीला ती पंधरा पुरी होणार होती. मोडीत काढणाऱ्या केंद्राशी बोलणंही झालं होतं. आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात समोरच्या काट्यांमध्ये बॅटरीचं लाल चित्र उमटलं आणि मुक्काम ठोकून बसलं.

त्यांच्या खालच्या मजल्यावर संघपाल रामटेके राहतो. मूळचा भंडाऱ्याचा, वय चाळिशीच्या आसपास. मानेसरच्या एका कारखान्यात तो अल्टरनेटर तपासतो, पहाटे कंपनीची बस पकडतो, आणि रविवारी सोसायटीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे बघून आजारी पडतात. जयंतराव त्याला घेऊन खाली गेले. संघपालने खिशातून व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि त्याच्या दोन टोचण्या बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या.

"बंद गाडीत बारा पॉइंट चार. ठीक आहे. आता चालू करा, काका."

जयंतरावांनी गाडी चालू केली.

"हे बघा. चालू गाडीत चौदाच्या वर जायला पाहिजे. हे उलट खाली चाललंय. बारा पॉइंट एक. दिवे लावा बरं. आता अकरा पॉइंट आठ."

"म्हणजे बॅटरी गेली?"

"नाही ना. सगळे हेच समजतात," संघपाल म्हणाला. "बॅटरी फक्त गाडीला उठवते, काका. एकदा गाडी उठली की सगळं घर अल्टरनेटर चालवतो. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, त्यातून करंट येतो, त्यावर दिवे, पंखा, सगळं, आणि वर बॅटरीलाही तोच भरवतो. तो आजारी पडला तर बॅटरी बिचारी एकटी सगळ्यांना वाढत बसते. बोलत नाही काही. मग एक दिवस तिच्याच ताटात काही उरत नाही."

जयंतरावांनी बॉनेटच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. "बदलायचा," ते म्हणाले.

"काका, तीन आठवडे राहिलेत गाडीचे. ते लोक ओढून नेतील ना. खर्च कशाला?"

"बदलायचा. आणि मी बदलणार. तू नुसतं उभं राहून सांग."

संघपालला वाटलं, निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा आहे. तसं नव्हतं. गाडी जायच्या आत एकदा चावी वृंदाच्या हातात द्यायची, खरं काय ते सांगायचं, आणि ती चालवत असताना शेजारी बसून बारापुल्ला ओलांडायचा, असं जयंतरावांनी मनाशी घेतलं होतं. काय बोलायचं तेसुद्धा त्यांनी टिपणासारखं क्रमाने जुळवलं होतं. वरातीमागून घोडं होतं, पण निदान घोडं होतं.

"एक बघून ठेवा," संघपाल जाता जाता म्हणाला. "हा मूळचा नाही, बदललेला दिसतोय. आधीचा गेला होता तेव्हा काय लक्षणं होती? तेव्हाही दिवा लागून लागून गेला असेल, तर दोष वायरमध्येही असू शकतो. मग नवा बसवून उपयोग नाही."

"लॉगबुकात असेल," जयंतराव म्हणाले. हे सांगताना त्यांना थोडा अभिमानच वाटला.

शनिवारी दुपारी वृंदाताई बाजारात गेल्यावर त्यांनी माळ्यावरून २०१६ ते १८ चं जुनं रजिस्टर काढलं. कामाचा माणूस, कामाचाच रकाना पाहणार. 'चालकाचा शेरा' या रकान्यावर त्यांनी पट्टी ठेवली आणि ती वरून खाली सरकवत गेले. पानंच्या पानं कोरी. २०१७ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पट्टी थांबली. वृंदाताईंच्या गोल, बालवाडीतल्या अक्षरात लिहिलं होतं: 'सिग्नलला उभी असताना बॅटरीचं लाल चित्र मिणमिणतं. गाडी हलली की जातं.' त्यापुढे, 'पाहिले, ज.दे.' जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात: 'लाल चित्र रोज दिसतं. उभ्या गाडीत दिवे मंद होतात. कुणाला तरी दाखवायला हवं.' पाहिले, ज.दे. दुसऱ्या आठवड्यात: 'चित्र आता जातच नाही. शुक्रवारी मयूर विहारला जायचं आहे. त्याआधी दाखवाल का?' पाहिले, ज.दे.

जयंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही त्यांचीच होती. तिन्ही सह्या नेहमीसारख्या, घाईने ओढलेल्या. गेली सात वर्षं त्यांना वाटत होतं की आपण एक गोष्ट लपवली. ती लपलेलीच नव्हती. ती हिरव्या पुठ्ठ्यात त्यांच्याच सहीनिशी पडून होती. त्यांनी रजिस्टर मिटलं. बाकीचे रकाने पाहण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. "पहिलं काय?" संघपालने विचारलं.

"बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. बसवताना तीच शेवटी लावायची." जयंतरावांनी हे पाठ केलं होतं.

"बरोबर. एरवी पाना कुठे टेकला तर ठिणगी."

वायर काढली. अल्टरनेटरच्या मागची खटक्याची जोडणी काढली, जाड तारेचं नट सोडवलं. पट्टा ताणून धरणारा बोल्ट सात वर्षांच्या मळात रुतून बसला होता. जयंतरावांनी पान्यावर सगळा भार टाकला, बोटांची सालं निघाली, तरी त्यांनी संघपालला हात लावू दिला नाही. शेवटी बोल्ट कुरकुरत फिरला, पट्टा सैल पडला आणि तो नारळाएवढा जड ठोकळा त्यांच्या हातात आला. संघपालने मागचं झाकण उघडून दाखवलं. आत फिरणाऱ्या कड्यांवर टेकलेल्या कोळशाच्या दोन कांड्या. असायला हव्यात बोटाच्या पेराएवढ्या, उरल्या होत्या तांदळाएवढ्या.

"घासून घासून संपल्या," तो म्हणाला. "वायरचा काही दोष नाही, काका. पण हे एका दिवसात होत नाही. हा आधी सांगत असतो. बघणारा पाहिजे."

"हो," जयंतराव म्हणाले. "लिहून दिलं होतं."

नवा जुन्याशेजारी ठेवून भोकं जुळतात का पाहिलं, बसवला, पट्टा चढवला. अंगठ्याने दाबला तर जेमतेम अर्धा इंच दबावा, इतकाच ताण दिला. शेवटी निगेटिव्ह. गाडी चालू केली. लाल चित्र आलं आणि विझलं. मीटरवर चौदा पॉइंट दोन. दिवे लावले, पंखा लावला, रेडिओ लावला. चौदाच. जयंतराव बराच वेळ तो आकडा पाहत उभे राहिले. मग हात धुऊन, सालटं निघालेल्या बोटांवर हळद लावून ते वर गेले.

वृंदाताई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. जयंतरावांनी चावी त्यांच्यासमोर ठेवली.

"चल. मयूर विहारपर्यंत जाऊन येऊ, बारापुल्ल्यावरून. तू चालव."

"मी?" वृंदाताईंनी वर पाहिलं. "सात वर्षांत क्लच कुठल्या पायाला तेसुद्धा विसरले असेन."

"थांब, आधी ऐक." ते खुर्ची ओढून बसले. क्रमाने जुळवलेलं टिपण कुठल्या कुठे गेलं. "त्या दिवशी पुलावर तुझी चूक नव्हती. रेडिओचीही नव्हती. अल्टरनेटर गेला होता. मला दहा दिवसांनी कळलं. मी तुला सांगितलं नाही, आणि वर लोकांना हसवत राहिलो."

"माहीत आहे," वृंदाताई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मीच लिहिलं होतं ना, तीनदा. तुम्ही तीनदा सही केली होती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. सात वर्षांत तो कधीच विरला होता. "मला एवढंच कळायचं नाही, की हे वाचून, सही करून, त्या पोलिसासमोर तसं का बोललात. खूप विचार केला. मग सोडून दिला."

जयंतराव चमकले. म्हणजे हिने सात वर्षं आपल्यावर भलताच आरोप ठेवला होता, आपण केला नव्हता त्या गुन्ह्याचा. हे तर एका वाक्यात धुऊन टाकता येण्यासारखं होतं. त्यांच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं.

"अगं, नाही. वाचून नाही. मी वाचलंच नव्हतं," ते घाईघाईने म्हणाले. "तुझी शपथ. पेपर वाचता वाचता नुसत्या सह्या करायचो मी. तो शेरा मी काल पहिल्यांदा वाचला. सवा वर्षातली एकसुद्धा ओळ वाचली नव्हती."

वृंदाताईंचा हात मेथीच्या काडीवर थांबला. "एकही ओळ नाही?"

"एकही नाही," जयंतराव जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"उद्देशाच्या रकान्यातलंही नाही?"

"उद्देशाच्या? त्यात काय असणार? भाजी, बँक, हेच ना."

वृंदाताईंनी चार काड्या निवडल्या, पानं चाळणीत टाकली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही वाचता."

बाहेर कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं.

"तुम्ही फार बोलणारे नाही, ते मला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. म्हटलं, बोलत नाहीत, पण लिहिलेलं वाचतात. रविवारी सही झाली की मी बघायची. बरं वाटायचं. पुलावरचा राग आला, फार आला, खोटं कशाला सांगू. पण ते सवा वर्ष कुणीतरी आपलं रोजचं वाचत होतं, एवढं माझ्याजवळ होतं." त्यांनी चाळणी उचलली. "गाडी तुम्हीच फिरवून आणा. मला खरंच नको."

बूंद से गयी वो हौद से नहीं आती, असं आपली जुनी माणसं म्हणत. जयंतरावांनी ते आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

ते रजिस्टर घेऊन खाली गेले आणि गाडीत बसून त्यांनी पट्टी उद्देशाच्या रकान्यावर ठेवली. नोव्हेंबर २०१६ पासून. 'भाजी. तिसऱ्या गिअरमध्ये पहिल्यांदा.' पाहिले, ज.दे. 'बँक. परतताना रस्ता चुकले, पण चुकून एक इतका शांत रस्ता सापडला की दोनदा गेले.' पाहिले, ज.दे. 'इशिताला पार्सल. पोस्टात रडू आलं, गाडीत येऊन बसले, मग ठीक.' पाहिले, ज.दे. 'उगीच.' पाहिले, ज.दे. 'उगीच. तुम्ही कधी उगीच कुठे गेला आहात का?' पाहिले, ज.दे. आणि २०१७ च्या मार्चमध्ये: 'रिजच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला वळणावर तीन सावरी आहेत, तिन्ही लालभडक फुलल्यात. पान एक नाही. आठच दिवस राहतील. रविवारी याल माझ्याबरोबर? मी चालवीन.' त्याच्यापुढेही तीच सही. त्याच रविवारची तारीख.

तो रविवार कसा गेला असेल, ते जयंतरावांना आता दिसायला लागलं. चहा झाला असेल. सही करून त्यांनी रजिस्टर परत दिलं असेल, हिने घेऊन ओळीसमोरची सही पाहिली असेल, आणि तो होकार समजून साडी बदलून बसली असेल. ते स्वतः पेपर वाचत राहिले असतील. मग केव्हातरी तिने साडी पुन्हा बदलली असेल. त्यांना खूप आठवूनही त्या दिवसाचं काही आठवलं नाही. त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी ते एकटेच निघाले. रिजच्या रस्त्याला वळणावर दोनच सावरी होत्या. तिसरी कधी गेली कोण जाणे, तिच्या जागी विजेचा खांब होता. दोन्ही झाडं फुललेली. खाली फुलांचा खच पडला होता आणि त्यावरून गाड्या जात होत्या. जयंतराव कडेला गाडी लावून अर्धा तास उभे राहिले. त्यांना असं नुसतं उभं राहायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी आधी जुन्या रजिस्टरातलं २०१८ चं पान काढलं. सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारून वर बरोबर लिहायचं आणि बाजूला आद्याक्षरं घालायची. त्यांनी 'शेरा, काही नाही' यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'अल्टरनेटर बदलला. पुलावर चूक चालकाची नव्हती. ज.दे.' मग नव्या रजिस्टरातलं चालू पान. उद्देशाच्या रकान्यात लिहिताना पेन बराच वेळ हवेत राहिलं. 'सावरी पाहणे. आठ वर्षं उशीर. तीनपैकी दोन उरल्या आहेत. तू चालवत असतीस तर बरं झालं असतं.' तपासणाऱ्याच्या सहीची जागा त्यांनी कोरी सोडली, पेन त्या पानावर आडवं ठेवलं आणि दोन्ही रजिस्टरं उघडीच वृंदाताईंसमोर नेऊन ठेवली.

वृंदाताईंनी चष्मा लावला. रेघ मारलेलं पान वाचलं, मग चालू पान. ओळीखाली बोट धरून, बालवाडीतल्या मुलांना शिकवायच्या तसं, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वर गेल्या आणि परत वाचलं. जयंतराव समोर उभे होते.

वृंदाताईंनी पेन उचलून बाजूला ठेवलं आणि दोन्ही रजिस्टरं मिटून जयंतरावांच्या हातात दिली.

"वाचलं," त्या म्हणाल्या. सही केली नाही.